पट्टीवरच्या दोन रेघा

शिरूर कासारला स्टँडच्या मागं माझी लॅब आहे. एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, रक्त घ्यायची खुर्ची आणि बाहेर आठ माणसांचा बाक, ज्यावर बारा बसतात. गणपतीत निवेदन करणारा, लग्नात हातातला माइक न सोडणारा असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. आमच्याकडे तो मी. बाक भरलेला दिसला की माझ्यासाठी पडदा उघडतो.

माझा हातखंडा प्रयोग होता गरोदरपणाच्या पट्टीचा. पट्टी लघवीत बुडवायची, एक रेघ उमटली तर नाही, दोन उमटल्या तर आहे. एवढ्याशा गोष्टीचं मी तीन अंकी नाटक करायचो. दोन रेघा दिसल्या की आधी चेहरा पाडायचा. चष्मा कपाळावर चढवायचा, पट्टी खिडकीच्या उजेडाला धरायची आणि "अरेरेरे" म्हणायचं. समोरच्या बाईचा जीव घशाशी आला की पट्टी नाचवत बाहेर यायचं आणि साऱ्या बाकाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "पेढे कुठंयत पेढे? मला शुगर आहे, तरी दोन खाणार!" बाक हसायचा. सासू असली तर हळूच विचारायची, "पोरगा का पोरगी?" त्यावर माझं वाक्य ठरलेलं होतं, "मावशी, तसं सांगणं गुन्हा आहे, आणि या पट्टीला तेवढी अक्कलही नाही." बाक पुन्हा हसायचा.

या पट्टीचा कागदी रिपोर्ट मी देत नसे. वहीतही लिहीत नसे. सगळ्या गावाला ऐकवलेली गोष्ट लिहायची कशाला?

ती आली तेव्हा दसरा होऊन आठवडा झाला असेल. आमच्याकडे या दिवसांत लॅबला जत्रेसारखी गर्दी असते. अर्धा तालुका ऊसतोडीला निघायचा असतो, आणि सहा महिने घर सोडण्याआधी माणसं दुखतं खुपतं ते एकदाचं तपासून घेतात. बाहेर ट्रॅक्टर उभे, त्यावर भांडी, सरपण, पोरं, कोंबड्या. बाक तुडुंब. म्हणजे मी रंगात.

ती एकटी आत आली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून मुकादमाशी फोनवर बोलत होता. ती काउंटरला टेकून, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मामा, दोन म्हैने झाले, पाळी धड येईना. श्रावणात पिशवी धुतली हाय माझी. तवापासून मधूनमधून रगत जातंयच. थांबत न्हाई."

मग तिनं पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातला घडी घातलेला कागद माझ्यापुढं धरला. "ज्या दवाखान्यात धुतली तिथल्या बाईंनी दिलाय. कुटं बी गेलीस तर हा दाखव म्हणल्या."

"जुना कागद घेऊन मी काय त्याचं विमान करू?" मी म्हणालो. "ठेव तो. आधी बाटली भरून आण."

मी तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. 'पिशवी धुतली' हे शब्द मी दिवसातून चारदा ऐकतो. आमच्याकडे गर्भ पडला तरी पिशवी धुतात, अंगावरून जास्त गेलं तरी धुतात, डॉक्टरला काही सुचलं नाही तरी धुतात. बाईही तेवढंच सांगते, कारण तिलाही तेवढंच सांगितलेलं असतं. पिशवी का धुतली, हे विचारायला एक वाक्य लागतं. त्या दिवशी माझ्याकडे वाक्यांची कमतरता नव्हती.

पट्टी बुडवली आणि दुसरी रेघ धावतच आली. एरवी दोन-तीन मिनिटं वाट बघावी लागते. ही लगेच आली, गडद, पहिलीपेक्षा गडद. मला काय सुचलं असेल? मला विनोद सुचला.

मी पट्टी घेऊन थेट दारात गेलो आणि तिच्या नवऱ्याला हाक मारली, "ओ पाहुणं! फोन ठेवा! बाळ लई घाईत आहे. पट्टी बुडायची वाट बघितली न्हाई त्यानं!"

बाक खदाखदा हसला. नवरा लाजला, हसला, फोनवरच्या मुकादमालाही त्यानं सांगून टाकलं. मी मागं वळलो तेव्हा ती हातात तो कागद घेऊन उभी होती. तिनं पुन्हा तोंड उघडलं, "मामा, पर रगत..." आणि मी म्हणालो, "पहिल्या महिन्यांत होतं थोडं थोडं. जड उचलू नको."

ऊस तोडायला निघालेल्या बाईला मी म्हणालो, जड उचलू नको. आजही हे वाक्य आठवलं की मी भररस्त्यात उभा राहतो.

ते गेले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी 'घाईतलं बाळ' रंगवून सांगितलं. संक्रांतीपर्यंत आठ-दहा वेळा तरी सांगितलं असेल.

संक्रांत झाल्यावर एके दिवशी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम माझ्या लॅबमध्ये स्वतः चालत आल्या. वयानं लहान, नवीनच बदलून आलेल्या, आणि माझ्या एकाही विनोदाला कधीही न हसलेल्या. त्यांच्या हातात छातीचा फोटो होता. मागं ती, तिचा नवरा आणि सासू. मी तिला आधी ओळखलंच नाही. अंगावरचं सगळं मांस उतरलेलं, ओठ पांढरे. ती पदर तोंडाशी धरून खोकत होती आणि पदरावर लाल ठिपके होते. पोट सपाट होतं.

"काका, आमच्याकडच्या पट्ट्या संपल्यात," मॅडम म्हणाल्या. "एक प्रेग्नन्सी टेस्ट करा."

"हिची?" मी विचारलं.

"हिचीच."

कारखान्यावर तिला आधी रक्तस्राव वाढला. सगळे म्हणाले, पोट पडलं. ती दोन दिवस खोपीत पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी फडात गेली. मग खोकल्यातून रक्त यायला लागलं. तिथल्या डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या. थुंकीत दोनदा काही निघालं नाही. मुकादमानं दोघांना गावाकडे परत धाडलं. इथं आल्यावर मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता, जो मी विचारला नव्हता: श्रावणात पिशवी का धुतली? तिनं तोच कागद काढून दिला.

पट्टी बुडवली. दोन रेघा. यावेळी मी पट्टी घेऊन दारात गेलो नाही. मॅडमनी पट्टी माझ्या हातातून घेतली, पाहिली आणि स्टुलावर बसून त्या तिघांना समजेल असं सांगू लागल्या.

"श्रावणात हिच्या पोटात बाळ नव्हतंच. द्राक्षगर्भ होता. बाळाची वार जिच्यापासून बनते तीच वाढत जाते, द्राक्षाच्या घोसासारखी. ती धुऊन काढतात. बहुतेक बायकांचं तिथंच संपतं. पण एखादीत थोडं राहतं आणि ते कॅन्सरसारखं पसरतं. हिच्या फुप्फुसात पसरलंय. पट्टी दोन रेघा दाखवते, कारण गरोदरपणात जे रक्तात वाढतं तेच यातही वाढतं. पट्टीला बाळ आणि हा आजार यातला फरक कळत नाही."

"कॅन्सर?" सासू मटकन बसली. "म्हंजी गेलीच म्हणायची का ही?"

"नाही मावशी. हा फार कमी बायकांना होतो, पण औषधाला विरघळतो. वेळेवर औषध मिळालं तर बरी होते. लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "काका, दसऱ्याला तुमच्याकडंच टेस्ट झाली म्हणतात. तेव्हा हिनं पिशवी धुतल्याचं सांगितलं होतं? रक्त जातंय म्हणाली होती? कागद दाखवला?"

खोलीत पाच माणसं होती. बाहेर बाकावर नेहमीची बारा, कान टवकारून. माझं सारं आयुष्य बाकापुढं तोंड उघडण्यात गेलंय आणि मी तोंड उघडलं.

"नाही हो मॅडम. काहीच बोलली नाही. पट्टी लावली आणि गेली."

सासू ताडकन उठली. "बघा! म्या म्हणते ती खोटं हाय का? अंगावर काढायचं, सांगायचं न्हाई! इतकं रगत जातंय अन् ही बाई मुकी! कावून लपवलंस गं? कुणासाटी लपवलंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. रागानं नाही, आश्चर्यानंही नाही. तिला बहुधा सवय होती, आपण बोललेलं कुणी ऐकलंच नाही असं होण्याची. ती काही म्हणाली नाही. तिला माझ्याकडून अजून रक्त तपासून घ्यायचं होतं. मी तिच्या जागी असतो तर मीही गप्प बसलो असतो. पण मी तिच्या जागी नव्हतो. मी माझ्याच जागी होतो आणि तिथंही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी मॅडम एकट्या भेटल्या. त्यांना शंका आली असेल असं मला वाटलं, पण त्या सहज म्हणाल्या, "दसऱ्याला कुणी नुसती सोनोग्राफी करा म्हटलं असतं, तरी पिशवी रिकामी दिसली असती. तेव्हा बहुधा एकाच औषधावर भागलं असतं. आता पाच औषधं लागतील. केस जातील, रक्तातल्या पेशी पडतील. आणि तरीही सगळं ठीक झालं पाहिजे."

मी मान हलवली. कुणा तिसऱ्याचीच गोष्ट ऐकल्यासारखी.

पुढचे सहा महिने मी पापं धुवायच्या मागं लागलो. जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात तिचे उपचार सुरू झाले. आठवड्याला इंजेक्शनं. त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे पेशी तपासायच्या, आकडा फोनवर कळवायचा, ठीक असेल तरच पुढचं औषध. पट्टीवर रेघ उठवणारं ते रक्तात किती उरलंय, हा आजाराचा स्वतःचा आकडा मात्र माझ्या यंत्रावर निघत नाही. ते रक्त बीडला पोचवावं लागे, तेही गारठवून. मी रसवंतीवाल्याकडून बर्फ घ्यायचो, तो जेवणाच्या डब्यात भरायचो, मधोमध तिच्या रक्ताची नळी आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत बसायचो. रसवंतीवाला विचारायचा, "काय हो, डब्यात कुल्फी नेताय का काय?" एरवी यावर मी पाऊण तास बोललो असतो.

पहिला आकडा लाखांत होता. पाचांतलं एक औषध कधी मिळायचं, कधी नाही. मग मॅडम कुठकुठं फोन लावायच्या आणि तिचा नवरा एसटीनं जाऊन ते घेऊन यायचा. दोनदा पेशी इतक्या पडल्या की इंजेक्शन पुढं ढकलावं लागलं. ते दोन आठवडे मी जेवलो, झोपलो, गावात हिंडलो, पण कुणी काय विचारलं ते आठवत नाही. आकडा लाखांतून हजारांत आला. हजारांतून शेकड्यात. ती रक्त द्यायला येई तेव्हा डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला असे. मी सुई हळू टोचायचो, लिंबू सरबत आणून द्यायचो, बसायला उशी ठेवायचो. ती "राहू द्या मामा" म्हणायची. माझ्या चांगुलपणाचं बाक कौतुक करायचा. मी ते ऐकून घ्यायचो. ही खरी लाज. खोटं बोललो ती एका क्षणाची, ही सहा महिने चालली.

आषाढात आकडा अखेर बरोबर आला. मॅडमनी फोनवर सांगितलं, "नॉर्मल. वरती अजून थोडी औषधं द्यायची, मग दर महिन्याला रक्त. वर्षभर बाळ नको." मी फोन ठेवून लॅबचं दार पाच मिनिटं लावून घेतलं.

वाटलं, सुटलो. ती वाचली, म्हणजे कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

मग पुन्हा दसरा आला. पुन्हा ट्रॅक्टर, भांडी, कोंबड्या. ती महिन्याचं रक्त द्यायला आली, सोबत सासू. डोक्यावर बोटभर केस उगवले होते, नव्या गवतासारखे उभे. मी रक्त घेत होतो आणि सासू बाकावरच्या शेजारणीला सांगत होती, आवाज न दाबता.

"एकल्याला मुकादम घेईना. आर्धा कोयता कोन घेतंय? नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. ही वरीसभर फडात जायची न्हाई म्हनं डॉक्टरीण. भावकी म्हणती, हिला माहेरी धाडा, दुसरी बघा. माझं बी मन होईना, पर खरं सांगू का? जी बाई घरच्यांपासून एवढा रोग लपविते तिच्यावर इस्वास कसा ठेवायचा? सांगितलं असतं तर आमी काय मारीत होतो का?"

मी नळीला बूच लावलं. ती खुर्चीत बसून कापूस दाबत होती आणि भिंतीकडे बघत होती. माहेरी धाडायचं ठरत होतं, तिच्यासमोर, तिच्याबद्दल, माझ्या वाक्यावर. आजारातून ती वाचली होती. माझ्यातून अजून वाचायची होती.

"मावशी," मी म्हणालो.

"काय भाऊ?"

मी आठ-नऊ महिने हे वाक्य मनात घोळवलं होतं. माझ्या पद्धतीनं, चढउतारांसकट. आधी जरा हसवायचं, मग गंभीर व्हायचं, शेवटी हात जोडायचे. त्यातलं एकही आठवेना. गावभर ऐकू जाणारा माझा आवाज पुढच्या माणसालाही जेमतेम ऐकू गेला.

"हिनं लपवलं नव्हतं. मागल्या दसऱ्याला हिनं मला सगळं सांगितलं होतं. पिशवी धुतली ते सांगितलं, रक्त जातंय ते दोनदा सांगितलं. कागद पुढं धरला. मी बघितला नाही. मी चेष्टा केली. आणि मॅडमपुढं मी खोटं बोललो."

बाक गप्प झाला. बाक गप्प करणं मला इतक्या वर्षांत कधी जमलं नव्हतं.

 सासू म्हणाली, "त्या दिशी कावून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली, मावशी."

"तुमाला लाज वाटली." तिनं शब्द तोलून पाहिला. "आन तिनं ह्या बाकाच्या म्होरं माझ्या शिव्या खाल्ल्या, तवा तिला काय वाटलं असंल?"

 सासूचा आवाज चढला, पण माझ्यावर नाही. ती सुनेकडे वळली होती. "आन तू गं? म्या येवढं बोलत हुते, तू कावून बोलली न्हाईस? म्हणायचं ना, म्या ह्यांना सांगितलं हुतं म्हणून!"

ती कापूस दाबत म्हणाली, "म्हणलं असतं तर कुणाचं खरं धरलं असतं, आत्याबाई? माजं का लॅबवाल्या मामांचं?"

 सासूनं खाली वाकून सुनेची प्लास्टिकची पिशवी उचलली, सगळे कागद आत नीट सरकवले आणि पिशवी स्वतःच्या काखेत धरली. मग माझ्याकडे हात पसरला.

"ती नळी द्या."

"मी बीडला नेतो ना मावशी. आजच्या गाडीनं."

"द्या म्हणलं ना."

मी नळी दिली. दारात पोचल्यावर सून थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मामा, लई उशीर केलात." बस, एवढंच. टोमणा नव्हता तो. घड्याळात बघून कुणी वेळ सांगावी तसं म्हणाली. सासूनं तिचा हात धरला आणि भर दसऱ्याच्या गर्दीतून, ट्रॅक्टरांमधून वाट काढत तिला घेऊन गेली.

मी त्याच दुपारी ग्रामीण रुग्णालयात जाऊन मॅडमनाही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, ऐकून घेतलं आणि फक्त एवढं विचारलं, "पट्टीची वही ठेवता का?" म्हणालो, नाही. म्हणाल्या, "ठेवा. आणि आधी पिशवी धुतली असेल तर का धुतली, तेही लिहा." आता मी लिहितो. विचारल्यावर बायका सांगतात, बराच वेळ सांगतात. बाकाला कंटाळा येतो.

तिला माहेरी धाडलं नाही. नवरा यंदा एकटाच इथल्या वीटभट्टीवर जातो, असं कानावर आलं. मला कुणी मुद्दाम सांगत नाही. माझ्या लॅबसमोर, रस्त्याच्या पलीकडे, दोन वर्षांपूर्वी एक नवी लॅब निघाली. तिथला माणूस कुणाशी एक शब्द जास्त बोलत नाही म्हणून मी त्याची नक्कल करायचो. महिन्यातून एकदा सासू-सून त्या लॅबमध्ये जातात. सासू पुढं, काखेत ती पिशवी. सुनेचे केस आता कानाखाली आलेत. मी माझ्या दारात असलो तर त्या वळून बघत नाहीत, आणि मी आत जात नाही.

गेल्या महिन्यात राहवलं नाही म्हणून मॅडमना फोन केला. म्हटलं, "मॅडम, तिचा आकडा किती आला?"

"ज्यांचा आहे त्यांना सांगितलाय, काका," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.